किल्ली कोणाकडे?

किल्ली या वस्तूबद्दल मला अतोनात आदर आहे. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो त्याला बावीस वर्षं झाली. पण आमच्या शाखेच्या तिजोरीची किल्ली अजून एकदाही माझ्या हाती आलेली नाही. त्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोघांचं आपसांत कितीही वाजलेलं असो, सकाळी तेवढ्यापुरते ते लग्नाच्या फोटोतल्यासारखे शेजारी उभे राहतात, दोन किल्ल्या फिरतात आणि मगच दार उघडतं. पैशाच्या बाबतीत हे रास्तच आहे. लोकांचा पैसा आहे, तो कुलपातच हवा.

पण लाकडाचे ठोकळे कुलपात का असावेत, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

हे ठोकळे मी गेल्या वर्षी पाहिले. आमच्या धाकट्या कन्येला चौथं लागलं होतं, आणि मूल चौथ्यात गेलं की जणू त्याच्या निवृत्तीला महिनाच उरला आहे अशा घाईने शाळा शोधायची, अशी हल्ली रीत आहे. आम्ही राहतो भातसानगरला. भातसा धरणाच्या कामासाठी ही वसाहत झाली, म्हणून नावात ‘नगर’; एरवी रात्री आठनंतर इथे बेडूक आणि टीव्ही सोडून कोणी बोलत नाही. तेव्हा शाळा पाहायला बाहेर जावं लागलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण आमच्या एका नातलगाचा मुलगा अजून तिथंच आहे आणि त्याचा दाखला काढायचा बाकी आहे.

शाळेच्या फाटकावर भला मोठा फलक : ‘चाइल्ड-लेड लर्निंग’. खाली सोनेरी केसांचं एक गोबरं मूल मणी ओवतंय. आमच्या शहापूर तालुक्यात मुलाचे केस पिंगट दिसले तर आधी त्याला वजनकाट्यावर ठेवतात, कारण ते बहुधा उपाशीपणाचं लक्षण असतं. पण फलकावरचं मूल चांगलं पोसलेलं होतं, त्यामुळे मी आत गेलो.

“मॅडम, हे चाइल्ड-लेड म्हणजे काय?” मी ऑफिसात विचारलं.

“म्हणजे सर, मूल पुढे आणि टीचर मागे. मूल स्वतःच शिकतं.”

“मग फी कसली?”

मॅडमनी माझ्याकडे, मी खोटी सही आणणाऱ्या खातेदाराकडे पाहतो तसं पाहिलं आणि म्हणाल्या, “फॅसिलिटीची, सर.”

मग त्यांनी फॅसिलिटी दाखवली. वर्गात चाळीस मुलं बाकांवर बसून वहीत एकाच अक्षराच्या चार-चार ओळी काढत होती. भिंतीशी काचेचं कपाट. आत ठोकळे, मण्यांच्या माळा, रंगीत मनोरे, सगळं कोरं करकरीत, काही तर प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. कपाटाला कुलूप. मी म्हटलं, “किल्ली कोणाकडे असते?” तर म्हणाल्या, “प्रिन्सिपल मॅडमकडे. शुक्रवारी ॲक्टिव्हिटी पिरियडला उघडतो.”

म्हणजे आमच्या तिजोरीपेक्षा कडक बंदोबस्त! आमची निदान रोज तरी उघडते.

त्यानंतर मुलीची मुलाखत झाली. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. पौष पौर्णिमेच्या त्या जत्रेतला गुरांचा बाजार मी पाहिलेला आहे. तिथे बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, मग चालवून बघतो. इथेही साधारण तोच क्रम होता, फक्त बैलाला ‘व्हॉट इज युवर नेम’ असं कोणी विचारत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची अशी चाळणी लावायला बंदी आहे. पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. तीन वर्षांच्या नागरिकाने कोणाकडे दाद मागावी? शिवाय शाळेने मुलाखतीला ‘मुलाखत’ म्हटलंच नव्हतं, ‘इंटरॅक्शन’ म्हटलं होतं. बँकेतही हल्ली दंडाला ‘चार्जेस’ म्हणतात. कन्येने त्या इंटरॅक्शनमध्ये एकच प्रश्न विचारला, आणि तोही मराठीत : “त्या कपाटातलं मला घेऊ देता का?”

परवानगी मिळाली नाही. प्रवेश मात्र मिळत होता. तो आम्ही घेतला नाही.

आता वाचक म्हणतील, की वहीखात्यातल्या माणसाने बालशिक्षणात नाक का खुपसावं? खुपसतो, कारण हे खातं माझ्या जिल्ह्यात उघडलेलं आहे. त्याचा उतारा मी काढून ठेवला आहे, तो आधी ऐका.

१९०७ च्या जानेवारीत रोमच्या एका गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी बालघर उघडलं. तिथेही सुरुवातीला साहित्याचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली शिक्षिकेकडे होती. एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला, आणि आदल्या दिवशी ती कुलूप लावायला विसरली होती. येऊन बघते तो मुलांनी कपाट उघडलेलं, आपापल्या आवडीची वस्तू काढून नेलेली. शिक्षिकेला ती चोरी वाटली. आमच्या शाखेत असं झालं असतं तर चौकशी अधिकारी नेमला गेला असता आणि वॉचमनची वेतनवाढ रोखली गेली असती. पण माँटेसोरीबाईंनी वेगळा निष्कर्ष काढला : मुलांना काय हवं ते मुलांना कळतं. त्यांनी कपाटं बदलली. बुटकी, उघडी, मुलाचा हात पोचेल अशी केली. मूल पुढे, शिक्षक मागे, या साऱ्या प्रकाराची सुरुवात अशी एका विसरलेल्या कुलपातून झाली.

ती कल्पना आपल्याकडे आणणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांना लोक प्रेमाने ‘मिशाळ आई’ म्हणत. वकिली सोडून लहान पोरांत रमलेला, वर भरघोस मिशा राखणारा पुरुष! त्यांच्याबरोबर तिथे काम केलं ताराबाई मोडकांनी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. आणि १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला येऊन राहिल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झालेली, नंतर हिमतीने शिकलेली ही बाई.

बोर्डीच्या बालवाडीत आदिवासी मुलं येईनात. आता अशा वेळी सरकारी रीत काय? ‘लाभार्थींचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारायचा आणि फाइल बंद करायची. या दोघी बालवाडी उचलून पाड्यावर घेऊन गेल्या आणि थेट मुलांच्या अंगणात मांडली. म्हणून ती अंगणवाडी. परदेशी लाकडी साहित्य परवडणारं नव्हतं. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणात गेली; तिचं नाव कुरणशाळा. मुलाच्या मागे जाणं म्हणजे काय, हे मला या शब्दावरून जितकं कळलं तितकं त्या फलकावरून कळलं नाही. मूल बैलामागे, आणि बाई मुलामागे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०१४ साली जिल्हा फुटला; बोर्डी आणि कोसबाड आता पालघर जिल्ह्यात, आम्ही ठाण्यातच राहिलो. पण ४५ साली ते सारं आमच्याच जिल्ह्यात होतं, ही नोंद खोडता येणार नाही.

आणि इथेच माझ्या पोटात दुखतं. आम्हां भातसाकाठच्या माणसांना एका गोष्टीची सवय आहे. आमच्या उशाशी धरण. त्याचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया मात्र टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. तेच पाणी उद्या बाटलीत भरून वीस रुपयांना परत आलं, तर आम्ही ते ‘शुद्ध’ म्हणून पिऊ. या शिक्षणाचंही तेच झालं. कल्पना आमच्या जिल्ह्यातल्या पाड्यावर, शिंपल्या-खड्यांत वाढली, शहरात गेली, तिथे तिला इंग्रजी नाव, गणवेश आणि वार्षिक फी चिकटली, आणि सोनेरी केसांच्या पोराचं चित्र लावून ती आमच्याच फाटकावर परत आली. ते चाललं असतं. बाटलीत निदान पाणी तरी असतं. इथे बूच उघडलं तर आत चार ओळींची वही!

शाळांना एकट्यांना झोडून मात्र ताळेबंद जुळायचा नाही. दुसऱ्या बाजूला आपण पालक आहोत. माझी मेव्हणी कल्याणला असते. तिचा फोन येतो, “भाऊजी, आमचा पिंट्या शंभरपर्यंत लिहितो. तुमची?”

“आमची शंभरपर्यंत दगड गोळा करते,” मी सांगतो.

“चेष्टा नको हो भाऊजी. उद्या पहिलीत मागे पडली म्हणजे?”

हा ‘मागे’ शब्द मी बँकेत रोज ऐकतो. कर्जाचे हप्ते मागे पडतात, तिथे तो शोभतो. साडेतीन वर्षांचं मूल कोणाचं देणं लागतं? आपण मात्र रोज संध्याकाळी वही तपासतो, जणू काल ठेवलेल्या मुदत ठेवीवर आज व्याज दिसलंच पाहिजे. आमच्याकडे मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कापतात, आणि खातेदार निमूट मान्य करतो. पोराच्या बाबतीत मात्र मुदतीआधी मोडूनही पूर्ण व्याज हवं.

शिवाय हाताचं काय? मनगटात आठ हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चा असतात, आणि एकेक करत वर्षानुवर्षं कठीण होत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली बरीचशी अजून कूर्चाच. त्या मनगटाने मूल माती मळतं, पाणी ओततं, दोरीत मणी घालतं. म्हणजे पुढे पेन्सिल धरायची तयारीच करतं. त्याच्या हातून ती माती काढून घेऊन पेन्सिल देणं म्हणजे पाया भरण्याआधी गिलावा मारणं. धरणाच्या वसाहतीत राहतो, एवढं बांधकाम मलाही कळतं.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते मांडणारे आमच्या वसाहतीतले एक निवृत्त ओव्हरसियरसाहेब. ते म्हणाले, “अहो क्लार्कसाहेब, हा मोकळेपणा पोट भरलेल्यांची चैन आहे. पाड्यावरच्या पोराला चार बुकं शिकायला मिळतात हेच नशीब. त्याला झटपट वाचायला शिकवा. तो ठोकळे खेळत बसला तर जन्मभर वीटभट्टीवर विटाच रचेल.”

मुद्दा वजनदार होता. आमच्या भागातून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर जातात. हे मी डोळ्यांनी पाहतो. पण मी त्यांना विचारलं, “साहेब, ताराबाईंनी हे सुरू केलं ते कोणासाठी? मलबार हिलच्या पोरांसाठी? पाड्यावरच्या उपाशी पोरांसाठीच ना? त्यांनी आधी पोरांना आंघोळ घातली, नखं कापली, खायला दिलं, आणि मग शिंपले पुढे ठेवले. दोन्ही केलं.” घोकंपट्टीच्या शाळेतून आधी गळतं ते पाड्यावरचं पोर. पिंट्याला शिकवणी आहे, आई आहे, मोबाइल आहे. या पोराला शाळेत टिकवायला एकच गोष्ट आहे : उद्या परत यावंसं वाटणं. तेच पहिल्या वर्षी मारून टाकलं, तर पुढे त्याला वाचायला शिकवायला तो सापडेल कुठे?

ओव्हरसियरसाहेब गप्प झाले नाहीत. सरकारी नोकरीत चाळीस वर्षं काढलेला माणस असा गप्प होत नसतो. ते पावसाळ्यात गप्प झाले. क्वार्टर्सच्या मागे ओहोळ वाहत होता, आणि आमची कन्या एका करवंटीने डालड्याच्या जुन्या डब्यात पाणी भरत होती. भरायची, ओतायची, उंच बाटलीत घालायची, ती भरली की शिल्लक पाणी बघून विचारात पडायची. मग काठावर एकेक खडा ठेवायची. तासभर चाललं होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात साहेबांनी माझा हात धरला.

“थांबा,” ते कुजबुजले. “करवंटीमागे खडा ठेवतेय. मोजमाप चाललंय तिचं. आम्हांला यासाठी डिप्लोमा करावा लागला.”

उंच बाटलीत पाणी जास्त दिसतं, पसरट डब्यात कमी; या वयाच्या मुलांना ते खरंच कमी-जास्त वाटतं, हे प्याजे नावाच्या स्विस पंडिताने प्रयोग करून दाखवलं. ओतून-ओतून एक दिवस मुलाला उमगतं की पाणी तेवढंच आहे. हे फळ्यावर लिहून देता येत नाही. ज्याचं त्याने ओतावं लागतं.

पण याचा अर्थ पोर ओहोळाला सोडून द्यावं असा कोणी काढेल, म्हणून सांगतो : आम्ही दोघं मोठे तिथे उभे होतो. मुलाच्या मागे जायचं म्हणजे आधी मागे कोणी तरी असावं लागतं. आणि हा ‘कोणी तरी’ कोण, हा सगळ्यांत कळीचा प्रश्न आहे.

कन्येला आम्ही अंगणवाडीत घातलं. तिथल्या ताईंनी जमिनीवर टोपल्या मांडल्या आहेत : चिंचोके, बाटल्यांची झाकणं, करवंट्या, कापडाचे तुकडे. एक ठाकराचा पोरगा चिंचोके रांगेत लावत होता. रांग दारापर्यंत गेली, मग वळून आत आली. ताई अर्धा तास त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “साप वळला का रे?” पोरगा म्हणाला, “साप नाय, आगगाडी हाय. कसाऱ्याला चाललीय.” आणि दोघं मिळून डबे मोजायला लागले. मला शिकवणं म्हणतात ते तेवढ्यात दिसलं.

पण तेवढ्यात फोन वाजला. वजनांची नोंद, आहाराची नोंद, गृहभेटी, फोटो काढून ॲपवर चढवणं. ताई आगगाडी सोडून उठल्या. रजिस्टरात डोकं घातलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हे माझ्या काउंटरवरच्या कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारा. या ताईंना मिळतो तो पगार नव्हे, मानधन. त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे ठरायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर बसल्या, तेव्हा आम्ही म्हणालो, ‘पोरांचे हाल होतात.’ झालेच. पण ज्यांच्यावाचून हाल होतात त्यांना क्लार्कइतका तरी पगार असावा, असं माझ्यासारख्या क्लार्कला वाटतं. आणि क्लार्कचा पगार काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

आणखी एका पाड्यावर पाहिलं : खेळण्यांची सरकारी पेटी माळ्यावर, दोरीने बांधलेली. विचारलं तर उत्तर आलं, “तुटलं तर भरून द्यावं लागेल. डेडस्टॉकला नोंद आहे.” डेडस्टॉक! आमच्याकडे खुर्च्या-टेबलांची नोंद त्या रजिस्टरात होते. खेळणं तिथे चढलं की ते मेलंच. इंग्रजी शाळेचं कुलूप हौसेचं, इथलं भीतीचं. पोराला दोन्हीकडे काचेतून किंवा खालूनच बघायचं.

सरकारचं म्हणणं कागदावर उत्तम आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ या वयाचा एक पायाभूत टप्पा मानला, २०२२ साली त्याचा आराखडा आला, आणि त्यात खेळातून शिकण्यावर सगळा भर आहे. मी खूश झालो. मग मेव्हणीचा फोन आला, की पिंट्याच्या शाळेने धोरणाप्रमाणे ‘खेळातून शिक्षण’ सुरू केलं असून त्यासाठी पाच वह्या घ्यायला सांगितल्या आहेत.

तेव्हा माझ्या मागण्या मी इथे रीतसर दाखल करतो. सहा वर्षांखालच्या मुलाला गृहपाठ नको. अंगणवाडीच्या ताईंकडून निम्मी रजिस्टरं काढून घ्या आणि त्यांना पगार म्हणावा असा पगार द्या. खेळणी डेडस्टॉकमधून काढा आणि साबण-तेलासारखी खर्चाच्या खाती टाका, म्हणजे ती झिजली तर ऑडिटर रागावणार नाही.

आणि पालकहो, शाळा पाहायला जाल तेव्हा फलक वाचू नका. थेट वर्गात जा आणि म्हणा, “गेल्या वर्षात तुटलेले ठोकळे दाखवा.” कडा झिजलेले, रंग उडालेले, चावलेले, मातीने भरलेले ठोकळे दाखवले तर खुशाल नाव घाला. सगळे ठोकळे शाबूत असतील, तर पोराचं बोट धरून सरळ घरी या. वाटेत ओहोळ लागलाच तर थांबा जरा.